हिरवळीवर औषध मारले आहे

१८ ऑगस्ट १९६४, अकोला

हिरवळीची कड दोन्ही हातांनी धरून ओढली, तर ती सतरंजीसारखी गुंडाळत आली. खाली मुळे नव्हती. हुमणी होती. जाड पांढऱ्या अळ्या, वाकडे अंग, मागची बाजू आतल्या घाणीने काळी. हातभर जागेत तेवीस. क्लबचे सेक्रेटरी वामनराव वकील नाकाला रुमाल लावून मागे सरले. आजवर सगळ्यांनी पाणी कमी पडते असे सांगितले होते म्हणे. मी एका ओढीत रोग दाखवला. सकाळी अमरावतीहून एस.टी.ने उतरलो, दुपारी हे. बरे वाटले.

क्लबची हिरवळ सांभाळायची ही नेमणूक कच्ची आहे. १२ सप्टेंबरला मंत्र्यांचा चहा याच हिरवळीवर. तोवर ती हिरवी झाली तर मी कायम, नाही तर वलगावला परत. शेतकी शाळेचा दाखला आमच्या घरात पहिलाच. बाबांनी तो बुद्धाच्या तसबिरीखाली लावला आहे.

क्लबमागच्या दोन खोल्यांपैकी एक मला. शेजारी नत्थुजी माळी आणि त्याची बायको पार्बताबाई. तिने पाण्याचा तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवला आणि मी घेईपर्यंत लांब उभी राहिली. वलगावातही एवढेच अंतर असते. सवय आहे.

२१ ऑगस्ट

औषध आले. पॅराथिऑन. तपकिरी, तेलकट, लसणासारखा वास. बाटलीवर कवटी. नत्थुजीने ती निरखून विचारले, "हे कोन? वकीलसाहेब का?" दोघेही हसलो. मग इंग्रजी सूचना त्याला मराठीत वाचून दाखवल्या. अंगावर घेऊ नये. हात धुवावेत. रबरी हातमोजे वापरावेत. मोज्यांचा एकच जोड होता, तो मला मिळाला.

मी पाटी रंगवली: विष मारले आहे, गवताला हात लावू नये. वामनरावांनी ती पुसायला लावली. सभासदांच्या घरची माणसे भितील, विष हा शब्द चहाच्या जागी शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी सांगितले तसे लिहिले: हिरवळीवर औषध मारले आहे. शेतकरीही औषधच म्हणतात. खोटे नाही.

पार्बताबाई प्रौढवर्गाला जाते. पाटीपुढे उभी राहून तिने एकेक अक्षर लावले. औ. ष. ध. मी मान डोलावली. ती लाजली. माझ्याशी पहिल्यांदा बोलली, अक्षर चांगले आहे म्हणाली.

२२ ऑगस्ट

मी अडवायच्या आत नत्थुजीने पिंपात कोपरापर्यंत हात घालून औषध ढवळले. धोतराला पुसला.

तासाभरात जमीन हलू लागली. गांडुळे आधी, मग हुमणी. बुटाखाली पचपच आवाज. नत्थुजी फावड्याने टोपल्या भरत होता, टोपल्यांतून पांढरा चीक गळत होता. साळुंक्या तुटून पडल्या. दुपारी त्याच साळुंक्या कारंज्याच्या हौदात उताण्या, चोचीतून फेस.

जेवताना भाताकडे पाहिले आणि ताट सारले.

उरलेले औषध खड्ड्यात पुरायला सांगितले होते. नत्थुजीने नळाजवळच्या कोपऱ्यात ओतले. तिथल्या गवतालेही फायदा होऊ द्या, म्हणाला. मी दमलो होतो. हातपाय धुवायला गेलो.

३० ऑगस्ट

दुसरी फवारणी. उरलेले पुन्हा त्याच कोपऱ्यात. हिरवळ मूळ धरू लागली. वामनराव खूश.

क्लबचा कारकून ओमप्रकाश याला खोलीतला दिवा बदलायला सांगितले. मंद जळतो. त्याने पाहिले. दिवा ठीक आहे म्हणाला.

तोंडात सारखे पाणी सुटते. कितीही थुंकले तरी. उशी ओली, चिकट.

४ सप्टेंबर

सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पापण्या वर करून पाहिले. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या आहेत. काय काम करता, विचारले. औषध ताबडतोब बंद करा, महिनाभर त्याच्या वाऱ्यालाही जाऊ नका, माळ्यालाही घेऊन या. नत्थुजी आला नाही. पित्त आहे म्हणाला आणि तोंडातली लाळेची तार बोटाने तोडली.

वामनरावांना विचारले, पाटीवर विष लिहू का. त्यांनी विचारले, नोकरी कायम हवी आहे ना.

पाटी तशीच आहे.

७ सप्टेंबर

गणपती दोन दिवसांवर. माझ्या ध्यानातच नव्हते. आमच्या घरातून ती पूजा आठ वर्षांपूर्वी गेली, आणि तिच्याबरोबर ते दिवसही.

बायका हिरवळीतल्या दुर्वा खुडायला आल्या. मी आडवा आलो. एकीने पाटी वाचली, हसली. औषध मारेल दुर्वा तं उलट चांगल्याच, म्हणाली. हाकलले. विष आहे, एवढे मात्र तोंडातून निघाले नाही. वामनराव व्हरांड्यात बसले होते.

एकीच्या पदरात मूठभर गेल्या. टाकल्या असतील.

नळाच्या कोपऱ्यातले गवत घोट्याच्या वर गेले आहे. इतके कोवळे, ओले, चकचकीत. 

९ सप्टेंबर

तिसरी फवारणी. एकट्याने. नत्थुजी अंथरुणावर. डावा मोजा फाटला. हात आत तेलकट, लसूण. तीनदा धुतला. वास जात नाही. घामालाही तोच.

दंडाची कातडी आपोआप उडते. आत काही वळवळते तशी. हुमणी नाही, हे मला कळते.

१० सप्टेंबर, दुपार

अक्षर मोठे काढतो. ओळी दिसत नाहीत. चारदा ओकलो.

पार्बताबाई उंबरा ओलांडून आत आली. पहिल्यांदाच. वाटी माझ्या हातात दिली, बोटांना बोटे लागली, तिने मागे घेतली नाहीत.

"घ्या भाऊ. दुर्वायचा रस आहे. माथा थंड होते. यायलेही आत्ताच पाजला."

तिच्या हातचे. नाही कसे म्हणू. प्यालो.

मग वास. लसूण —

विचारले, कुठल्या.

"नळापासच्या. तुमीच तं लिवलं न तिथं, औषध म्हणून."

सांगायला हवे होते. जीभ जाड. लाळ. ती वाटी धुवायला गेली. नत्थुजी पलीकडे घशातून —

हाक मारतो. आवाज निघत नाही.

पाटी बदला. औषध नाही. लिहा — वि

११ सप्टेंबर. ही नोंद मी, कारकून ओमप्रकाश, करत आहे. आज सकाळी दोन्ही खोल्या उघडल्या. ही वही लिहिणारे देवमनसाहेब आणि नत्थुजी माळी दोघेही मयत. पार्बताबाई पाटीसमोर बसून अक्षरे लावत होती, बोलावूनही उठली नाही. वामनरावसाहेबांनी पाटी काढून घ्यायला सांगितली. हिरवळ चांगली आहे. उद्याचा चहा ठरल्याप्रमाणे.