तुझे दात धाकटीला मिळाले

आई, तू गेलीस तेव्हा तुला आंघोळ घालणाऱ्या बायका आपसांत बोलत होत्या, "म्हातारीचं दात बघा की गं, एक बी पडला न्हाय!" मी पाण्याची कळशी धरून तिथंच उभी होते. रडता रडता मनात आलं, सगळे दात घेऊन चालली ही. तेव्हा ते कौतुकच होतं. हेवा आत्ता वाटतोय, इतक्या वर्षांनी. तुझ्या त्या वयाला मी आता टेकले आहे. माझ्या तोंडात उजवीकडे चावायला काही उरलं नाही, डावीकडे ठणकतं आणि पाण्याचा घोट घेतल्याशिवाय जीभ टाळूपासून सुटत नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि मला अक्षरं आली ती चपला गुंडाळायच्या रद्दी वर्तमानपत्रांवरून. तेव्हा चुका कोण काढणार? बिनधास्त लिहिते.

आपल्या घरात दात काही नुसत्या खायच्या कामाचे नव्हते. पुरुषांनी तळ कापायचे आणि बायकांनी चपलेच्या पट्ट्यावरची वेणी घालायची. तू उंबऱ्याशी बसलेली असायचीस, भिजवलेल्या चामड्याच्या तीन वाद्यांचं, त्या बारीक पट्ट्यांचं, टोक दातांत धरून, आणि हात असे चालायचे की बघणाऱ्याला बोटं मोजता येऊ नयेत. मी टोक पायाच्या अंगठ्यात धरलं की पाठीत धपका. "दातात धर गं! अंगठ्याला काय कळतंय, किती वढायचं ते?" चामड्याची ती तुरट चव मला दुधाच्या चवीच्या आधीची वाटते. संध्याकाळी काम आवरलं की तू ऊस घेऊन बसायचीस, दातांनीच सोलायचीस आणि पहिलं कांडं धाकटीला द्यायचीस. वर हसून म्हणायचीस, "हिचं दात माझ्यावर गेलं. थोरलीचं बापावर." बापाचे दात कसे होते ते आपण सगळ्यांनी बघितलं होतं; चाळिशीतच चहात भाकरी बुडवून खायचा बिचारा. तू गमतीनं म्हणायचीस गं. पण ते माझ्या दाढेत उसाच्या दशीगत अडकलं, ते अडकलंच.

म्हणून तर घोटाळा झाला. छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, मग किमो ठरली. किमोच्या आधी मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, दाताची काही तक्रार? किडलेलं काही असलं तर आधी काढून घेऊ. एकदा ही औषधं सुरू झाली की अंगातली ताकद उतरते, जखम भरत नाही, तोंडातला जंतू कुठंही जाऊ शकतो. एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवून या." आणि मी काय म्हणाले असेन? "मला कसली तक्रार, डॉक्टर? माझ्या आईचं दात हाईत हे. अजून ऊस सोलतो मी." उजवीकडची शेवटची दाढ पोखरलेली, तिच्यात लवंग भरून मी कितीतरी दिवस काढत होते. दाखवायला गेलेच नाही. मनात किमोची भीती, आणि तशात डॉक्टरांसमोर बसून मी दातांवरनं धाकटीशी पैज लावत होते. धाकटी तिथं नव्हतीसुद्धा.

दुसऱ्या किमोनंतर तोंड आलं. आलं म्हणजे कसं सांगू, साधं पाणी मिरचीगत झोंबायचं, भाताला लोखंडाची चव यायची. मग गाल सुजला, ताप चढला, पांढऱ्या पेशी तळाला गेल्या आणि मला दवाखान्यात ठेवून घेतलं. पुढची किमो लांबणीवर पडली. डॉक्टर दाढेकडे बघून एवढंच म्हणाले, "ही आजची नाही, मावशी." पेशी वर येईतो थांबून मग ती दाढ काढली. त्या दिवसांत धाकटी सासरहून, कबनूरहून यायची. माझ्यासाठी मऊ भाताची पेज आणायची, मीठ-सोड्याच्या पाण्यानं चुळा भरायला लावायची, मी थुंकले तरी भांडं धरून बसायची. तिची माया मला कळत नव्हती असं नाही. पण पदराच्या गाठीतनं फुटाणे काढून कुडुम कुडुम खायची, आणि मला म्हणायची, "आक्का, तुला चालत न्हाईत न्हवं? मग तुझ्या वाटणीचं बी मीच खातो." मला हसवायला म्हणायची. मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. तो आवाज तुझा होता, आई. तुझ्या दाढांचा.

किमो संपली. केस आले, आधीपेक्षा कुरळे आले. तपासण्या चांगल्या आल्या. सगळ्यांनी पेढे खाल्ले. पण लाळ काही पूर्वीसारखी परत आली नाही आणि कोरड्या तोंडात दात हिरडीपाशी किडत गेले, जणू कुणी कानस मारतंय. बोटांची टोकं बधिर झाली ती झालीच. आता मी दातांच्या डॉक्टरणीकडे नेमानं जाते. पोरगी नातीच्या वयाची, पण स्पष्ट बोलते. परवा आरसा हातात देऊन म्हणाली, "हे पुढचे वाचवू आपण. मी देते ते औषध लावा, मऊ ब्रश वापरा, घोट घोट पाणी घेत राहा. पण दातात काही धरून ओढायचं नाही. ओढलंत तर हातात येतील."

"मग वेणी कशी घालू?"

"मावशी, वेणी की दात, तुम्हीच ठरवा."

घरी येऊन मी वाद्या खिळ्याला अडकवून बघितल्या. खिळा घट्ट धरतो, पण ओढ किती झाली ते सांगत नाही, आणि बधिर बोटांनाही ते कळत नाही. चार वेळा घातली, चार वेळा वेडीवाकडी झाली. लग्नसराईचा माल पडलेला, दुकानदार फोन करतोय. मालाचं काय, दुसरं कुणीही करील. पण हे काम गेलं की मी नुसती पेशंट उरते, ते मला नको होतं.

काल धाकटीला बोलावलं. लग्न होऊन यंत्रमागाच्या घरात गेल्यापासून तिनं वादीला हात लावला नव्हता. माझ्या जागेवर बसली, वाद्या दातांत धरल्या, आणि तिरक्या नजरेनं माझ्याकडे बघत हात चालवायला लागली. मी समोर बसून सांगत होते, आता मधली वर, आता दाब. थोड्या वेळानं सांगायला काही उरलं नाही. तिनं वेणी माझ्या हातात दिली. "बघ, जमतंय का."

मी म्हटलं, "सैल हाय. उसव."

"सैल? आक्का, तुझ्या बोटांस्नी काय कळतंय गं आता?"

बोलून गेली आणि तिचा चेहरा उतरला. मी वेणी तिच्यापुढं सरकवली. मग तिनं मुकाट्यानं सगळी वेणी उसवली, वाद्या परत पाण्यात बुडवल्या, आणि पहिल्यापासून घालायला घेतली. आता उद्यापासून ती रोज येणार आहे. ती घालील, मी जोड जुळवीन आणि माल तपासून देईन, असं आमचं ठरलं. हा कागद तुझ्याकडे जायची काही सोय नाही, आणि तिच्या हाती तर मी पडू देणार नाही. कारण बोटांना कळत नाही, हे खरं आहे, पण डोळे माझे अजून चांगले आहेत. ती पहिली वेणी सैल नव्हती, आई.