फ्रिजमधलं द्रावण

सोमवार, १६ सप्टेंबर २०१३. गोरेगाव (जि. गोंदिया).
भाचा हिमांशू नाशिकच्या हॉटेलात लागलाय. जाता जाता हळूच एक बाटली देऊन गेला. म्हणे, मामाजी, ही दारू नाही, व्हाइट वाइन आहे. गोड. गुलाबाचा, लिचीचा वास. तिखट जेवणासोबत थंडगार घ्यायची. मी ठामपणे नाही म्हणालो, पण तोवर त्याची एसटी सुटली होती.
नीलाच्या वडिलांना दारूने नेलं. लग्नाआधी तिने मला एकच विचारलं होतं, पिता का? शिवाय बुद्धविहारात पावसाळ्याचा वर्षावास चालू आहे आणि रविवारी पंचशील मीच म्हणवून घेतो. तेव्हा प्रश्नच नाही. उद्या फेकणार.

मंगळवार, १७
फेकणं म्हणजे नासाडी. मी विज्ञान शिकवतो. नुसता अभ्यास करायला काय हरकत? अभ्यासाला थंड हवी. पेपरात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली, वर चिठ्ठी: ‘शाळेचं द्रावण. विषारी. हात लावू नये.’ नीलाला द्रावणातलं काही कळत नाही.
संध्याकाळी झिंगे-वांगी. नीला शेजारी गेली तेव्हा स्टीलच्या पेल्यात दोन घोट. वा! तोंडातला जाळ लगेच खाली बसला. लिची कधी खाल्ली नाही, मला मोहफुलंच आठवली. मग फार अपराधी वाटलं. लवंग चघळत विहारात ग्रंथवाचनाला गेलो. आवाज छान लागला.

बुधवार, १८
अजून अपराधी वाटतंय. पाणी भरलं, लसूण सोलला, जिलेबी आणली. नीला म्हणे, काऊन जी, काय झालं तुमाले? काही नाही म्हणालो. हे काही खोटं नाही. काय झालंय?
कोंबडीच्या रश्शासोबत अर्धा पेला. बाटली उघडली की वास दुसऱ्या दिवशी खुलतो, हा माझा स्वतःचा शोध. आज स्पष्ट केवडा.

गुरुवार, १९
अळूच्या वड्या. वाइनला लिंबाची झाक आलीय. अळूला हेच हवं. हिमांशूला कळवायला हवं, हॉटेलात उपयोगी पडेल.
थोडी चढली. भिंत धरून मोरीपर्यंत गेलो. आता बस. नीलाला सांगणारच होतो, पण ती पोळ्या करत होती. तापल्या तव्याजवळ असले विषय काढू नयेत.

शुक्रवार, २०
सांगणार होतो. तिचं डोकं दुखत असावं. विचारलं नाही, पण चेहऱ्यावरून वाटलं. थोडीच उरलीय. संपली की लपवण्यासारखं काही राहणार नाही. त्यातल्या त्यात हाच प्रामाणिक मार्ग.

शनिवार, २१
संपली. रिकामी बाटली पिशवीत घालत होतो, तर नीला मागे उभी. म्हणे, अजून देऊ का करून? मला काही समजेना. मग तिनेच सांगितलं. बुधवारी सकाळी तिने चिठ्ठी वाचली. म्हणे, विष कोनी अन्नाजवळ ठेवते का जी? उघडली, हुंगली, मोरीत ओतली. साखर-लिंबाचं पाणी केलं, केवड्याचे थेंब टाकले, बाटली भरून जागेवर ठेवली.
मी म्हणालो, म्हणजे बुधवारपासून मी निर्दोष! ती हसली नाही. म्हणे, मी वाट पाहून राहिली होती, तुमी कवा सांगता त. बाबाबी कधी सांगत नव्हते.
रिकामी बाटली माझ्या हातातून घेतली आणि धुवायला लागली. मला लाज वाटली. भांडली असती तर बरं झालं असतं.

रविवार, २२
विहार भरलेला. विहाराचे अध्यक्ष यादोराव म्हणाले, सर, करा सुरू. नीला बायकांत पुढेच बसली होती. चार शीलं नीट म्हटली. पाचवं, मद्याचं. तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. सगळे माझ्याकडे पाहत थांबले.
शेवटी नीलाने म्हटलं, मोठ्याने. तिच्यामागून सगळ्यांनी म्हटलं. मीही म्हटलं, सगळ्यांचं झाल्यावर.