गवतातल्या फटाकड्या

१२ मे, सकाळ

चि. पुतणीबाईंस,

काकाचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत. पत्र बसच्या कंडक्टरच्या हाती देतोय, म्हणजे ते तुला आजच मिळेल.

खाडीकाठच्या गवतात यंदा फटाकडी उरलीच नाही, असा अहवाल तू शुक्रवारी देणार. तो गेला की भराव टाकणाऱ्यांना रान मोकळं. जरा थांब.

मला आधीपासूनच चैन नव्हतं. कोंबडीच्या पिलाएवढा हा पक्षी, गवतातून उंदरासारखा पळणारा. दिसायचं नाव नाही, ओळख सगळी आवाजावर. मागच्या वर्षी मोजणीच्या प्रत्येक खांबाशी कलकलाट होता. यंदा मी पहाटे उभा राहतो नि तुझ्या तक्त्यात शून्य लिहून येतो. असं कसं झालं? खारं पाणी आत शिरलं असेल म्हणून डबक्याचं पाणी चाखलं. तुझी काकू म्हणाली, "आता चिखलही चाटा!" पाणी गोडच. गवत फाकवून पाहिलं, तर गोगलगायी मुबलक, चिखलात पावलांचे ताजे ठसे. ताट वाढलेलं, पान मांडलेलं, मग जेवणारा गेला कुठे?

काल काकू हट्टाने सोबत आली. पहिल्याच खांबाशी म्हणाली, "अगंबाई, केवढा गोंगाट!"

"कुठे?"

"कुठे काय? तुमच्या पायाशी ओरडतेय की!"

मला वाटलं थट्टा करतेय. म्हटलं, ऐकलंस की हात वर कर, बोलू नकोस. मी गवताकडे पाहायचं सोडून तिच्या हाताकडे पाहत राहिलो. हात वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर. आणि मला फक्त वारा, लांबची बोट आणि पाणकोंबडीचा घोगरा आवाज.

जन्म गेला बोटींच्या इंजिनांत डोकं घालून. कालच जाऊन कान दाखवले; डॉक्टरीणबाई म्हणतात, जाड आवाज शिल्लक आहेत, बारीक गेले. कधी गेले ते कळलंच नाही बघ. गेलेला आवाज निरोप घेऊन थोडाच जातो!

तेव्हा यंदाची माझी शून्यं सगळी खोडून टाक. अहवाल थांबव, वरच्या साहेबांना खरं कारण सांग, माझी लाज राखू नकोस. उद्यापासून काकू ऐकेल, मी तक्ता धरीन. तरी एकदा स्वतः ये, तिचं ऐकणं पडताळून घे. नवऱ्याचा अनुभव बघता नुसत्या भरवशावर राहणं बरं नव्हे.

काल घरी आल्यावर तिला म्हटलं, फटाकडी ओरडते कशी ते करून दाखव. आधी लाजली. मग पदर तोंडाशी धरून तिने आपल्या जाड आवाजात अशी काही किरकिर केली की बास. तेवढी मला स्पष्ट ऐकू आली.

तुझ्या वडिलांना मात्र मीच सांगेन, तू नको.

ज्याच्या कानांवर तू विसंबलीस, त्याच्या शब्दावर या वेळी विसंब.

तुझाच,
काका