सव्वा महिन्यानंतरचा कापूस

॥ श्री ॥
मु. पो. मोहाडी, जि. भंडारा
ता. १२ नोव्हेंबर १९७८

ती. सौ. रुखमिणीवहिनी यांस,
चंद्रकलेचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व खुशाल. दादाची, आईची आणि तुमची खुशाली कळवावी. हे कार्ड मी सांगते आहे आणि घरचे लिहीत आहेत, कारण माझे अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे. हलक्या धानाची कापणी आटोपली. भारी धान अजून बांध्यांमध्ये उभे आहे, त्यामुळे सगळे दिवसभर शेतावर असतात. तांबडी गाय व्याली, गोऱ्हा झाला.

मंजुळा आता पालथी पडते. आवाज असा खणखणीत की मामंजी म्हणतात, हिला मंडईच्या जत्रेतल्या नाटकात उभी करावी, भोंग्याचे भाडे वाचेल. सासूबाईंना तिचा फार लळा. रात्री तिला आपल्याच जवळ घेऊन झोपतात, फक्त दूध पाजायला माझ्याकडे देतात. मला पुरती झोप मिळते. माझे कान आता चांगले आहेत. आईला काळजी करू नको म्हणावे.

मंजुळेच्या आईचा सर्वांना नमस्कार.

ता. क. माझाही नमस्कार. तुमच्या नणंदबाई सांगतात थोडे आणि थांबतात फार, म्हणून कार्डावर जागा उरली. – परसराम


मोहाडी
ता. २७ नोव्हेंबर

वहिनी,

अक्षर बघून दचकू नका. या वेळी मीच लिहिते आहे. शाळेत गुरुजी विचारायचे, वहीवरून कोंबडी चालवत आणलीस काय. ती कोंबडी अजून तशीच चालते. घरचे शेतावर गेले की थोडे थोडे लिहिते. वाचून झाले की चुलीत घाला. दादाला दाखवू नका, आईला वाचून दाखवू नका.

इकडे थंडी पडली. गोऱ्हा उड्या मारतो. वांगी यंदा चांगली आली आहेत. बाजाराच्या दिवशी...

नाही वहिनी, वांग्यांसाठी मी हे पाकीट आणलेले नाही.

मागच्या कार्डात मंजुळा पालथी पडते हे खरे होते. मामंजींची थट्टा खरी होती. माझे कान चांगले आहेत हे खोटे. आणि सासूबाई पोरीला जवळ घेऊन झोपतात ते खरे असले तरी लळ्यामुळे नव्हे.

माझ्या कानांचे तुम्हाला काय सांगायचे? तुम्ही लग्न होऊन कोंढ्याला आलात त्या दिवाळीत मी फटाक्यांच्या आवाजाने पोत्यांमागे दडून बसले होते. तुम्हीच शोधून काढले आणि कानात कापूस घालून दिला. माझ्या लग्नातही मुंडावळ्यांच्या आड तुम्ही कापूस दडवलात, म्हणून मी बँडवाल्यांपुढे उभी राहिले. परात पडली की लोक एकदा दचकतात आणि विसरतात. माझ्या दातांत ती परात मग बराच वेळ वाजत राहते. राग येतो, तो कोणाचा ते कळत नाही.

लोक म्हणतील, मग घालावा कापूस. तुम्हीही एकदा म्हणाला होतात, नंतर माझी बोटे पाहून गप्प झालात. बोळा वळायला घेतला की एक दांडगा होतो आणि कानात बसत नाही, दुसरा चिमूटभर होतो आणि मान वळवली की गळून पडतो. फडके बांधायचे तर डोक्यामागे माझे दोन हात एकमेकांना सापडतच नाहीत. गाठ म्हणून जे होते ते डोळ्यांवर घसरते. पोलक्याचे हूक लावायला मला अजून भिंतीला टेकावे लागते. इथे माझ्या हातून एवढे सांडते की सासूबाई मला दुधाचे भांडे देत नाहीत. त्यात बावीस वर्षांच्या बाईने कोणापुढे डोके करून म्हणायचे, माझे कान बांधून द्या?

म्हणून सांगते, माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे दिवस बाळंतपणाचे गेले. डिंकाच्या लाडवांमुळे नाही. तुम्ही रोज सकाळी न्हाणे झाले की माझ्या दोन्ही कानांत बोळे घालायच्या आणि वरून फडके घट्ट बांधायच्या. बाळंतिणीला वारे लागू नये म्हणून बांधतात, त्यात कोणी हसत नाही. कोणी विचारत नाही. मी बाजेवर राणीसारखी पडून असायची आणि मंजुळा रडली की ते रडणे शेजारच्या घरातून यावे तसे मऊ होऊन यायचे. मला ते गोड वाटायचे. आई सगळ्यांना सांगत सुटली, लेकरू झाले आणि पोरीचे कान सुधारले. मी मान हलवली.

सव्वा महिना झाला तेव्हा आईने फडके सोडले. त्याच दुपारी मी तुम्हाला म्हटले, कान ठणकतो. तुम्ही दसऱ्यापर्यंत बांधत राहिलात. कान ठणकत नव्हता, वहिनी.

इकडे येताना ते फडके मी ट्रंकेत तळाशी घातले. यांना सांगितले, आता मी बरी आहे. यांना एवढा आनंद झाला की साऱ्या गल्लीला सांगून आले. आता कोणत्या तोंडाने काढायचे ते?

ते कार्ड धाडण्याआधीची गोष्ट, मंडईचा दिवस होता. पहाटेपासून पारावर भोंगा सुरू. दुपारी सगळे तिकडे गेले, मी आणि मंजुळा घरी. ती उठली ती किंचाळतच उठली. पाजले, घेत नाही. खांद्यावर घेतले, राहत नाही. एका कानाशी ती, दुसऱ्या कानात भोंगा. तिला मांडीवर ठेवून मी कापूस वळायला गेले तर ती मांडीवरून घरंगळायला लागली. पकडली. फडके काढले, बांधले, ते गळ्यात आले. पुन्हा बांधले. तिला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने एक कान दाबला, तर दुसरा उघडा. तीन हात लागतात वहिनी, आणि मला तर दोन्हीही धड नाहीत.

मग माझा हात तिच्यावर उगारला गेला. मारले नाही. पण हात वर गेला होता आणि मला तो दिसला.

मी तिला धानाच्या खोलीत नेले. पोत्यांच्या मध्ये गोधडी टाकून त्यावर तिला ठेवले, बाहेर आले आणि दार ओढून कडी लावली. जन्मात माझ्या हातून एक गोष्ट पहिल्या खेपेला नीट झाली असेल तर ती कडी. मागे कोठ्यात गाईच्या बाजूला जाऊन बसले आणि दोन्ही कानांत बोटे घातली. किती वेळ ते मला माहीत नाही. फार बरे वाटत होते, हेही लिहून टाकते.

सासूबाई लवकर परतल्या. मी आत आले तेव्हा मंजुळा त्यांच्या खांद्यावर होती. रडून तिचा आवाज बसला होता, नुसते हुंदके. केसांत धानाचा कोंडा. मी म्हटले, ती निजली होती, मांजर येते म्हणून कडी लावली. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्या दिवसापासून पोर त्यांच्याजवळ निजते. पाजायला देतात तेव्हा समोर बसून राहतात आणि पाजून झाले की हात पुढे करतात.

मला राग येत नाही. मीसुद्धा तेच केले असते.

वहिनी, मंजुळेला कोंढ्याला घेऊन जा. ती बोलायला लागेपर्यंत, रडणे कमी होईपर्यंत ठेवा. यांना काय कारण सांगायचे ते तुम्ही ठरवा, तुम्हाला सुचते. मागच्या कार्डावर यांनी कौतुकाने 'मंजुळेच्या आईचा नमस्कार' लिहिले. ते मला वाचून दाखवत होते तेव्हा मी जमिनीकडे बघत होते. म्हणून या पत्राखाली नुसते नाव लिहिते.

चंद्रकला


मोहाडी
ता. १९ डिसेंबर

प्रिय वहिनी,

तुमचा मला फार राग आला होता, ते आधी सांगते. मी चुलीत घाला म्हणून बंद पाकीट धाडते आणि तुम्ही उत्तराला उघडे कार्ड पाठवता? आमच्याकडे कार्ड आले की हे अंगणात उभे राहून मोठ्याने वाचतात, हे तुम्हाला चांगले ठाऊक होते.

मामंजी होते, सासूबाई सूप घेऊन बसल्या होत्या. यांनी खुशाली वाचली, आणि मग: "चंद्रकलेचे कान बांधायला तिथे कोणी आहे काय? रडणे, भोंगा तिला सोसत नाही, आणि कापूस घालणे तिच्या हाताला जमत नाही, लहानपणापासून जमत नाही. कोणी नसेल तर धान चुरून मळणी झाली की मी येऊन राहते." एवढे वाचून यांचा आवाज बारीक झाला. मला वाटले, आता पुढे ती खोली येणार. मी खांबाला धरून उभी होते. खोलीचे एक अक्षर नव्हते. मंजुळेला न्यायचेही नव्हते. पुढे फक्त आईच्या गुडघ्यांचे होते.

सासूबाईंनी सूप खाली ठेवले. "जमत नाही म्हंजे काय व?"

मी दोन्ही हात पुढे केले, जसे शाळेत छडी खायला करतात. मामंजी उठून गाईकडे गेले. यांनी नंतर मला एकटीला विचारले, "मले काहून नाही सांगितलं?" साऱ्या गल्लीला सांगून आलेल्या माणसाला काय उत्तर द्यायचे. तेव्हापासून हे माझ्याशी जरा जपून बोलतात, आणि भांडे ठेवताना हळू ठेवतात. ते हळू ठेवणे मला अजून टोचते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई देवाजवळचा वातींचा कापूस घेऊन ओसरीवर बसल्या. म्हणाल्या, "बस इकडं. मान हालवू नोको." मी त्यांच्यापुढे पाठ करून बसले. रोज वाती वळणारा हात तो, दोन बोटांत बोळा तयार. उजव्या कानात बसवला. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, म्हणूनच मला बोलता आले.

"आई, त्या दिवशी मांजर नव्हतं. पोरीचं रडणं मले सोसलं नाही. म्हणून कडी लावली."

त्यांचे हात थांबले. मग डाव्या कानात बोळा गेला, वरून फडके आले, मागे गाठ बसली. गाठ बांधून झाल्यावर त्या काहीतरी बोलल्या. बराच वेळ बोलल्या. मला काहीच कळले नाही. मी वळले तोवर त्या कापसाचा डबा उचलून आत गेल्या होत्या. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. शिव्या दिल्या असतील तर त्या माझ्याच वाट्याच्या आहेत.

संध्याकाळी दिवा लावून झाला तेव्हा त्यांनी मंजुळेची गोधडी आणली आणि माझ्या बाजेवर अंथरली.

आता रोज बांधतात. चार दिवसांपूर्वी शेजारच्या कुंताबाई आल्या आणि मला तशी पाहून मोठ्याने सासूबाईंना म्हणाल्या, "काहून व सत्यभामा, पोरगी पाच महिन्यांची झाली, अन् अजून सुनेचे कान बांधून राहिली?"

मी पदर ओढून फडके झाकायला गेले. सासूबाईंनी पदर तसाच मागे सारला आणि मला ऐकू यावे इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "आमच्या घरी सालभर बांधतेत. रीत हाये आमची."

अशी कुठलीही रीत नाही, वहिनी. थोरल्या जाऊबाईंचे सव्वा महिन्यात सोडले होते, हे कुंताबाईंनाही माहीत आहे. पण त्यांनी घरी जाऊन आपल्या बाळंतीण सुनेचेही बांधले म्हणे. ती बिचारी हाक मारली तर ओ देत नाही आणि मनातल्या मनात माझा उद्धार करत असेल.

तुम्ही मंजुळेला न्यायला येऊ नका. तिला बघायला या. सासूबाईंसमोर माझी मान अजून वर होत नाही, आणि धानाच्या खोलीत मी एकटी जात नाही. सालभर म्हणजे आषाढापर्यंत. पुढे त्या काय रीत काढतात ते त्यांनाच ठाऊक.

हे लिहिते आहे तोवर मंजुळा उठली. रडते आहे. दुरून, मऊ, तुमच्या घरी बाजेवर ऐकू यायचे तसे. सासूबाई ओसरीवरून इकडे बघत आहेत पण जागच्या हलत नाहीत. मलाच उठायला हवे.

मंजुळेच्या आईचा
तुम्हाला नमस्कार