अंगणातलं पाव्हणं

अब्बा,

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं. बोलता यायचं, आणि तेही घरात फक्त कुत्र्याशी. तरी हे मराठीतच लिहिते आहे, कारण त्या कुत्र्याची आठवण मला आपल्या घरच्या दखनी उर्दूत येतच नाही. ती सवय तुम्हीच लावलीत. न्हावऱ्याचा तो तुमच्या ओळखीचा शेतकरी सोलापूरकडे लग्नाला निघाला होता. दौंडला गाडी बदलायला उतरला, तर घरचं कुत्रं त्याच्या मागे मागे एसटीपर्यंत आणि मग एसटीतूनही आलेलं. कंडक्टरची कशी समजूत घातली होती कोण जाणे. आता लग्नात कुत्रं कुठे न्यायचं, म्हणून त्याने ते आपल्या रेल्वेच्या चाळीत आणून अंगणातल्या खांबाला बांधलं. "चार दिस ठिवून घ्या, मामू. लगीन उरकलं की जाताना न्हेतो," म्हणाला. परत आला, दोरी धरून न्यायला लागला, तर कुत्र्याने अंगणातच बैठक मारली. ओढलं तरी हलेना. शेतकरी हसून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. त्येला तुमचा पाव्हणचार मानवला." दोरी सोडून घेऊन तो गेला, आणि तेव्हापासून कुत्र्याचं नाव पडलं पाव्हणं.

तुमचा हिशेब सरळ होता. पाहुणा न्हावऱ्याचा, त्याला दखनी कशी कळणार? पाहुण्याशी पाहुण्याच्या भाषेत बोलावं. अम्मी पोट धरून हसली होती. कुत्र्याला कसली आली भाषा, म्हणाली. पण तुम्ही कामावरून आलात की सायकल भिंतीला टेकवून आधी त्याची विचारपूस व्हायची, तीही अहो-जाहो करून. काय पाव्हणं, जेवन झालं का? सरा जरा बाजूला, बायामाणसं येत्यात. ते शेपूट हलवत सरकायचंसुद्धा. मी शाळेत जायच्या आधी जी काही मराठी शिकले ती अशी, उंबऱ्यावर बसून. मग मराठी शाळेत पहिल्याच दिवशी शेजारच्या मुलीला म्हणाले, "लांब सरा की, पाव्हणं," आणि सगळा वर्ग लोळला. गुरुजींनी विचारलं, कुणी शिकवलं गं हे? मी खरं ते सांगितलं. ते ऐकून गुरुजीही खुर्चीत मागे रेलून हसले. घरी येऊन मी तुमच्यावर रुसले होते, आठवतं?

तुम्ही त्याला कधी हात लावला नाही. नमाजाचे कपडे, हातपाय-तोंड धुऊन केलेला वुजू, सगळं सांभाळायचं. कुत्र्याची लाळ लागली की पुन्हा धुवा. अम्मीचं तर ठाम मत होतं की कुत्रं असलेल्या घरात फरिश्ते पाऊल टाकत नाहीत. तुम्ही म्हणायचात, फरिश्त्यांनी खुशाल घरात यावं, पाव्हणं अंगणात आहेत. त्याचं मातीचं परळ वेगळं, बसायचं पोतं वेगळं, उंबरा त्याने ओलांडायचा नाही, आणि त्यानेही तो कधी ओलांडला नाही. मात्र दुपार कलली की तुम्ही सिग्नलचे दिवे पुसायला आणि त्यांत रॉकेल भरायला निघायचात, तेव्हा ते रुळांच्या कडेने तुमच्या मागे चालायचं. तुम्ही शिडी चढून वर गेलात की खाली बसून वर बघत राहायचं. घरी आल्यावर तुम्ही काठीच्या टोकाने त्याचे कान आणि पाठ खाजवायचात, इतकं हलक्या हाताने की मला त्या काठीचा हेवा वाटायचा. वळणही तुम्हीच लावलं होतं. कुणी काही पुढे ठेवलं तर झडप घालायची नाही, आणि नाकारायचंही नाही. पाहुण्याने पुढ्यात आलेल्याचा मान राखावा. चाळीतलं कुणीही त्याला भाकरीचा तुकडा द्यायचं आणि ते सावकाश, अदबीने घ्यायचं. तुम्हाला त्याचं फार कौतुक होतं.

मी तिसरीत असताना गावात पिसाळलेलं कुत्रं कुणाला तरी चावलं आणि दवंडी फिरली. ज्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नसेल त्याला विष घातलं जाईल. पलीकडच्या गार्डसाहेबांच्या कुत्र्याला चामड्याचा पट्टा होता, त्याला पितळी बिल्ला. मी तुमच्या मागे लागले की आपणही आणू. तुम्ही हसलात. पाहुण्याच्या गळ्यात कुणी पट्टा घालतं का? शिवाय सगळी चाळ, सगळं यार्ड त्याला ओळखतं. मला काही ते पटलं नाही. मी माझी लाल रिबीन त्याच्या गळ्यात बांधली. संध्याकाळी तुम्ही ती पाहिलीत, रागावला नाहीत, फक्त मला सोडायला सांगितलीत. मी सोडत होते तेव्हा तुम्ही त्यालाच म्हणालात, "माफी करा, पाव्हणं. पोर हाय ती."

मग तो दिवस. थंडीचे दिवस आहेत, ऊन अंगणात अर्ध्यापर्यंत आलेलं. तुम्ही वुजू करून पांढरा कुडता घातलेला, दुपारच्या, जुहरच्या नमाजाला उभे राहणार तेवढ्यात ते मालधक्क्याच्या बाजूने येतं. चालणं नीट नाही, पाय काठीसारखे ताठ झालेले, तोंडाला फेस. उंबऱ्याच्या बाहेर येऊन पडतं. अजूनही बाहेरच. त्याच्यापुढे कुणीतरी काहीतरी ठेवलं होतं आणि त्याने मान राखला होता. मला काही कळायच्या आत तुम्ही वाकलात, दोन्ही हातांनी त्याला उचललंत, छातीशी धरून घरात आणलंत आणि चटईवर ठेवलंत. अम्मीने घरातल्याच पातेल्यात ताक आणलं. तुम्ही त्याचा जबडा बोटांनी उघडून ताक ओतत होतात, ते सगळं तुमच्या कुडत्यावर परत येत होतं. त्याच्या अंगाला झटका आला की तुम्ही दोन्ही हातांनी त्याला दाबून धरायचात आणि तेच पुन्हा पुन्हा म्हणायचात.

"थांबा की, पाव्हणं. येवढी काय घाई हाय? थांबा."

ते थांबलं नाही. बराच वेळ तुम्ही त्याच्या डोक्यावरून हात फिरवत बसलात. इतक्या वर्षांचं राहिलेलं सगळं त्या एका दुपारी. मग म्हणालात, "पट्टा घालाया पायजे हुता." हेही मराठीतच म्हणालात. तोपर्यंत खोलीत ज्याच्याशी मराठी बोलायचं असं कुणी उरलं नव्हतं. मी भिंतीला चिकटून रडत होते आणि तुम्हाला बिलगायची मला भीती वाटत होती, कारण तुमचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

नदीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या लिंबाखाली तुम्ही फावड्याने खड्डा खणलात. मी बरोबर आले. मला कुणी अडवलं नाही, कुत्र्याला पोचवायला मुलीने जाऊ नये असा काही नियम नव्हता. त्याला पोत्यात गुंडाळून तुम्ही आत ठेवलंत आणि माती हातांनी लोटलीत. मीही लोटली. परत येऊन नळाखाली गार पाण्याने अंघोळ केलीत, कपडे बदललेत आणि राहिलेली नमाज पढलीत. त्यानंतर आपल्या अंगणात मराठी बोलली गेली नाही. बाहेर बाजारात, स्टेशनात तुम्ही बोलायचात, पण सायकल भिंतीला टेकवून सरळ आत यायचात. चाळीतल्यांनी दोनदा पिल्लं आणून दिली, दोन्ही तुम्ही परत पाठवलीत.

तुम्ही गेलात तेव्हा मी शिरूरला मास्तरीण होते. निरोप मिळाल्यावर एसटीने दौंडला पोचले, तेव्हा तुम्हाला गुस्ल देऊन, शेवटची अंघोळ घालून झालं होतं. चेहरा पाहिला. मग पुरुष तुम्हाला घेऊन गेले आणि आम्ही बायका घरात बसलो. आपल्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. भाऊ सांगतो की तुमची कबर भिंतीच्या कडेला आहे, जागा चांगली आहे, सावली आहे. मी ती पाहिलेली नाही. तुमच्यावर पडलेली माती मी पाहिलीच नाही, अब्बा, आणि त्यामुळे तुम्ही गेलात हे कित्येक दिवस माझ्या मनात ठरतच नव्हतं. घरी सगळे म्हणायचे, मोठी धीराची, डोळ्यांत पाणी नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. अम्मीला मी हे शेवटपर्यंत सांगितलं नाही, भावालाही नाही. दौंडला उतरले की घरी जायच्या आधी मी नदीच्या वाटेने जाते. लिंब अजून आहे. पदर डोक्यावर घेते, तळहात पसरते आणि गेलेल्यांसाठीची फातिहा म्हणते. तुमच्यासाठीच म्हणते. रडू येतं ते तिथेच येतं. रागावू नका. मला दुसरी जागा माहीत नाही.