रेच्याला जाळी बसली
मानवत, शुक्रवार, १३ डिसेंबर १९८५

आज जिनिंगात परत कामाला गेले. कापसातली सरकी काढायच्या यंत्रात, रेच्यात, माझी बोटं गेली, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी सरकारी अनुदानासाठी अर्ज केला होता. ते मिळालं, त्यातून सगळ्या रेच्यांना लोखंडी जाळी बसली आणि मलाही कामावर घेतलं. पण रेच्यावर न्हाई. फाटकाजवळच्या खोलीत, हजेरी घ्यायला. एकटीला.

दुपारी भाकरी घेऊन बायकांत जाऊन बसले, तर बोलणंच थांबलं. काशी माझी जोडीदारीण, दोघी एकाच रेच्यावर होतो. तिनं सरकून जागा दिली, पण माझ्या हाताकडं बघंना. भ्याली असंल का?

शेवटी मीच विचारलं, "जाळी कशी हाय गं?"

"लय चांगली. आता हात आत जातच न्हाई," ती म्हणाली. डोळे भरले तिचे.

"बरं झालं की," मी म्हणाले. खरंच बरं झालं. मग त्या जाळीचा मला राग का यायलाय?

भोंगा झाला. सगळ्या उठल्या. मीही सवयीनं काशीच्या मागं चालायला लागले, आणि रेच्यांच्या शेडच्या दारातून फाटकाकडं परत फिरले.