श्रावणातले गप्पी मासे

पूर्णगड

चि. संदेश यास,

हौसाकाकीचे अनेक आशीर्वाद. तुझी पाठ आता कशी आहे? सूनबाई अक्षया बरी असेल, छोट्या सानवीचा खोकला गेला असेल. इकडे तुझे आप्पाकाका ठीक आहेत, म्हणजे श्रावण असल्यामुळे ताटात मासे नाहीत आणि मासे नाहीत म्हणून कोणाशी बोलत नाहीत, एवढंच. फोन केला असता, पण तुमचा फोन सदा स्पीकरवर असतो, म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकते आहे.

"हौसाकाकींच्या घरी डेंग्यूच्या डासाच्या अळ्या सापडल्या" असं शेजारच्या शमिकेने वाडीच्या ग्रुपवर टाकलं आणि ते वाचून सानवीला यंदा गणपतीला आणायचं नाही असं अक्षयाने ठरवलं, हे कळलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे. सानवी नसेल तर मखर करायचं कोणासाठी? (गणपतीसाठी, ते मला कळतं. तू शिकवू नकोस.)

आता नीट ऐक. आपली आरोग्य केंद्राची आशाताई, दीपाली, मंगळवारी आली आणि न्हाणीजवळच्या पाण्याच्या दगडी दोणीत ओंजळभर गप्पी मासे सोडून मोकळी झाली. ते पाण्यातल्या अळ्या खातात म्हणे. अरे, पण श्रावणात घरात मासा? गणपती होऊन जाऊ दे, मग हवी तर सुरमई सोड, म्हटलं. तर मला म्हणते, "डास काय श्रावण पाळतात वो, काकी?" (मुलगी हुशार आहे, पण तोंड बघ.) वर जाताना बजावून गेली, की दर शनिवारी कोरडा दिवस पाळायचा, पाण्याचं प्रत्येक भांडं रिकामं करून घासायचं. मी शहाण्यासारखं दोन्ही ऐकलं. शनिवारी दोणीचं बूच काढलं, नारळाच्या शेंडीने ती लख्ख घासली आणि मासे पाण्याबरोबर थेट अळवात गेले. मुका जीव, मरू कसा द्यायचा? पदर खोचून चिखलातून एकेक वेचून टोपात टाकत होते, तेवढ्यात शमिका कुंपणाच्या गडग्यावरून डोकावली. श्रावणी शनिवार, मी चिखलात आणि टोपात मासे! दुपारपर्यंत हौसाकाकीने श्रावण मोडल्याचं सगळ्या वाडीला माहीत. आप्पाकाका तेवढे लगबगीने आले, टोपात वाकून बघितलं आणि महिन्यातलं पहिलं वाक्य बोलले, "कालवणाला पुरतील काय गो?"

मासे सोडलेली दोण उपसायची नसते, हे दीपालीने नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर जीभ झिजली असती? आणि हा मेला डास होतो कुठे, तर स्वच्छ पाण्यात! शमिकेच्या मोरीत तो पायसुद्धा ठेवणार नाही. म्हणजे तिची अब्रू शाबूत आणि रोज घासूनपुसून ठेवणाऱ्या बाईची ग्रुपवर. अळ्या घरात कुठे सापडल्या ते विचारू नकोस. सापडल्या, ओतून टाकल्या, विषय संपला.

अक्षयाला यायचं तर येऊ दे, नाही तर राहू दे. मी कोणाची मनधरणी करणार नाही.

तुझी,
हौसाकाकी

ता. क. खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या आहेत. सानवीसाठी वेगळी मच्छरदाणी शिवली आहे. अक्षयाची मनधरणी तू कर, हवं तर माझ्या नावाने कर, पण पोरीला आण. तिच्याशिवाय मला करमणार नाही.

ता. क. आणखी एक. विचारू नकोस म्हटलं तरी तू विचारशीलच. मागच्या गणपतीत अक्षयाने, घराला लाभतो म्हणून, काचेच्या बरणीत हिरवा बांबू आणून टीव्हीशेजारी ठेवला होता ना, त्यात दीपालीला अळ्या सापडल्या. "हा कोणी आणलान वो?" दीपालीने विचारलं. शमिका दारातच उभी होती. मी म्हटलं, मीच आणला, रत्नागिरीच्या बाजारातून. हे अक्षयाच्या कानावर जाता कामा नये. बरणीतलं पाणी काढून माती भरली आहे आणि बांबू होता तिथेच ठेवला आहे. घरात पाऊल टाकलं की ती आधी तोच शोधणार, आणि मला ती यायला हवी आहे.